घरच्या घरी केसांचा काढा
जड पाण्याच्या ऊसपट्ट्यातील घरांसाठी एक पाठ

— ऊस विकास अधिकारी



या पानावर एरवी आपण बेणे, लागण, खताचे हप्ते आणि खोडव्याची निगा यांविषयी बोलतो. या खेपेस विषय जरा वेगळा घेतला आहे. गटागटांतून महिला सभासदांच्या बैठका होतात, तेव्हा ऊस सोडून एक प्रश्न हटकून निघतो. "साहेब, बोअरच्या पाण्यानं केस नुसते दोरखंडासारखे झालेत. बाजारातले शाम्पू झाले, तेलं झाली. यावर काही घरचं औषध आहे का?"

ऊस विकास खात्याने केसांत कशाला हात घालावा, असे कोणी म्हणेल. पण विचार केला तर हा आपलाच विषय आहे. पाण्यातले क्षार, सामू, झाडपाल्याची ओळख, कोणत्या रानात काय फवारले आहे, या सगळ्या गोष्टी आपल्या रोजच्या आहेत. शिवाय ज्या घरात ऊस पिकतो त्या घरातल्या माणसांची प्रकृतीही नीट असली पाहिजे. म्हणून हा पाठ. पुरुष सभासदांनी "हे बायकांचं" म्हणून पान उलटू नये. डोके सर्वांनाच आहे.

१) आधी केस म्हणजे काय ते समजून घेऊ

केसाचे मूळ कातडीखाली असते आणि तेवढेच जिवंत असते. वर जो केस दिसतो तो निर्जीव धागा आहे. म्हणूनच तो कापताना दुखत नाही. केराटिन नावाच्या प्रथिनाचा हा धागा असतो आणि त्यावर कौलारू घराच्या कौलांसारखे बारीक खवले एकावर एक बसलेले असतात. कौले नीट बसली की केस मऊ राहतो, चमकतो, विंचरताना सरळ उतरतो. कौले उचकटली की केस केसात अडकतो, गुंता होतो आणि फणीबरोबर तुटतो.

केस महिन्याला साधारण १ सेंटीमीटर वाढतो. एक केस २ ते ६ वर्षे वाढत राहतो, मग काही महिने विसावा घेतो आणि गळून पडतो. त्याच मुळातून पुन्हा नवा येतो. रोज ५० ते १०० केस गळणे हे निसर्गाला धरूनच आहे. उसाची खालची पाने वाळून पाचट होते म्हणून ऊस वाळला असे आपण म्हणतो का? तसेच हे. फणीत चार केस दिसले की घाबरून जायचे कारण नाही. गळणे एकदम वाढले, भांग रुंद दिसू लागला, तर मात्र कारण शोधले पाहिजे. त्याविषयी पुढे सांगतो.

२) खरी गोम पाण्यात

माती परीक्षणाच्या कागदावर सामू हा शब्द तुम्ही वाचला असेल. ७ म्हणजे उदासीन, त्याखाली आम्ल, त्यावर विम्ल. आपल्या काळ्या जमिनींचा सामू बहुधा ७.५ ते ८.५ असतो. डोक्याच्या कातडीचा सामू साडेपाचच्या आसपास, म्हणजे किंचित आंबट बाजूला असतो. अंगाच्या साबणाचा सामू मात्र ९ ते १० असतो. साबण डोक्याला लागला की केसावरची कौले उचकटतात. त्यात पाणी जड असेल तर दुष्काळात तेरावा महिना. जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार साबणाशी मिळून चिकट साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो पांढुरका थर बसतो तोच हा साका. तो केसांवर बसतो आणि नुसत्या पाण्याने निघत नाही. केस धुऊनही चिकट आणि राठ लागतात ते यामुळे.

आपले पाणी जड आहे की हलके, हे ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. बंबाच्या आत पांढरी खपली धरते का? तुरीची डाळ लवकर शिजत नाही का? मग पाणी जड समजावे. आणखी खात्री हवी असेल तर दोन सारख्या बाटल्या घ्या. एकीत विहिरीचे पाणी अर्धी बाटली, दुसरीत पावसाचे धरलेले पाणी तितकेच. दोन्हींत साबणाचा सारखाच चुरा टाकून हलवा. जिच्यात फेस कमी आणि गढूळपणा जास्त, ते पाणी जड. मुलांना हा प्रयोग करायला लावा, त्यांनाही गंमत वाटेल.

पाणी उकळून, निवू देऊन वरचे नितळ घेतले तर काही क्षार खाली बसतात. सगळे मात्र जात नाहीत. पावसाळ्यात पत्र्यावरचे पाणी पिंपात धरून ठेवले तर केस धुण्यास त्यासारखे पाणी नाही. पहिल्या पावसाचे सोडून द्यावे, छपरावरची धूळ त्यात असते.

३) काढ्यातील झाडपाला

आपल्या आज्या-पणज्यांनी केस धुण्यासाठी जी सामग्री निवडली ती उगीच नाही. एकेकाचे काम पाहू.

शिकेकाई : सह्याद्रीच्या रानात वाढणारी काटेरी वेल. तिच्या शेंगांत सॅपोनिन नावाचा फेस देणारा पदार्थ असतो. साबणाप्रमाणे तो जड पाण्यात साका धरत नाही. शेंग मुळात किंचित आंबट, त्यामुळे केसांची कौले उचकटत नाहीत. फेस कमी येतो, पण फेस म्हणजे स्वच्छता नव्हे, हे ध्यानात ठेवावे.

रिठा : यातही सॅपोनिन, आणि शिकेकाईपेक्षा फेस जास्त. मळ जोरात काढतो, पण जास्त घातला तर केस कोरडे करतो. डोळ्यांत गेला तर फार झोंबतो. बी काढून फक्त वरचे टरफल घ्यावे.

आवळकाठी : वाळवलेला आवळा. तुरट आणि आंबट. जड पाण्याचा विम्लपणा खाली आणतो.

जास्वंदीची पाने : हातावर चुरली की बुळबुळीत रस सुटतो. हा रस केसावर पातळ थर धरतो, त्यामुळे गुंता सहज सुटतो.

माका : यासाठी मात्र काखेत कळसा आणि गावाला वळसा अशी आपली गत आहे. बाजारात माक्याच्या तेलाला पैसे मोजतो आणि पाटाच्या कडेला उगवलेला माका तण म्हणून उपटून टाकतो. ओलसर जागी जमिनीलगत पसरणारी ही वनस्पती. पाने समोरासमोर आणि खरखरीत, खोड लालसर, फूल बारीक पांढरे. पान चुरगाळले की थोड्या वेळात रस काळा पडतो, ही तिची पक्की खूण. पारंपरिक वैद्यकात केसांसाठी माक्याचे नाव फार जुने आहे.

येथे दोन सावधगिऱ्या सांगतो, त्या नीट वाचाव्यात.

पहिली. एकदांडी, म्हणजे ज्याला दगडी पाला म्हणतात, तो माका नव्हे. त्याचे फूल लांब देठावर एकेकटे येते आणि मध्ये पिवळे असते. आणि गाजरगवताला तर हातही लावू नये. १९५५-५६ च्या सुमारास पुण्याकडे प्रथम नजरेस आलेले हे तण आता बांधोबांधी आहे. त्याची पाने गाजराच्या पानासारखी कातरलेली आणि फुले बारीक पांढरी. नुसत्या स्पर्शानेही काहींच्या अंगाला खाज सुटते, पुरळ उठतो. ते डोक्यावर गेले तर काय होईल ते सांगायला नको.

दुसरी त्याहून महत्त्वाची. तणनाशक किंवा कीटकनाशक मारलेल्या रानातला, त्या रानाच्या पाटातला किंवा बांधावरचा माका काढ्यासाठी घेऊ नये. उसात अॅट्राझीन, मेट्रिब्युझीन, टू-फोर-डी ही तणनाशके आपण सर्रास वापरतो. पाला हिरवा दिसतो म्हणजे स्वच्छ आहे असे नाही. शेजाऱ्याच्या रानातून वाऱ्याने आलेला फवाराही त्यावर बसलेला असू शकतो. त्यापेक्षा परसात न्हाणीजवळ माक्याची चार कांडकी लावावीत. कांड्यांना मुळ्या फुटतात, ओल असली की महिनाभरात वाफा भरतो. जास्वंद आणि कडुलिंबाच्या पाल्यालाही हाच नियम.

४) काढा करण्याची रीत

काढे दोन आहेत. एक केस धुण्याचा आणि दुसरा धुऊन झाल्यावर वरून ओतण्याचा. पहिला मळ काढतो, दुसरा कौले बसवतो. दोन्हींची गल्लत करू नये.

(अ) धुण्याचा काढा (लांब केसांच्या एका व्यक्तीस, एका वेळेस)

शिकेकाईच्या मोडलेल्या शेंगा ५० ग्रॅम
रिठ्याची टरफले ४-५ फळांची
आवळकाठी १० ग्रॅम, म्हणजे साधारण दोन चमचे
पाणी १ लिटर

रात्री सर्व भिजत घालावे. सकाळी मंद आचेवर १५ ते २० मिनिटे उकळावे, साधारण पाऊण लिटर उरेल. खाली उतरवून निवू द्यावे, हाताने कुस्करावे आणि जुन्या धोतराच्या दुहेरी फडक्यातून गाळावे. नुसत्या चाळणीने गाळले तर शेंगेचा भुसा केसांत अडकून बसतो आणि मग दोष शिकेकाईला दिला जातो.

(आ) वरून ओतण्याचा काढा

हा चहासारखा करायचा. फार उकळायचा नाही.

ताजा स्वच्छ धुतलेला माका एक मूठ
आवळकाठी एक चमचा
जास्वंदीची पाने ८ ते १०
लिंबाचा रस एक चमचा
पाणी १ लिटर
कोंडा असेल तर कडुलिंबाची १०-१५ पाने

पाण्याला उकळी फुटली की भांडे खाली उतरवावे. माका, आवळकाठी आणि हवा असल्यास कडुलिंब त्यात टाकून २० मिनिटे झाकण ठेवावे. चहा मुरवतो तसाच हा मुरवायचा. तोवर जास्वंदीची पाने वाटीभर थंड पाण्यात कुस्करून बुळबुळीत रस काढावा. जास्वंद उकळत्या पाण्यात टाकू नये, थंड पाण्यात रस चांगला सुटतो. मुरलेला काढा कोमट झाला की त्यात हा रस आणि लिंबाचा रस घालावा आणि सर्व फडक्याने गाळून घ्यावे.

घरात यातले काही नसेल तर अडून बसू नये. एक लिटर पाण्यात एक चमचा लिंबाचा रस एवढे केले तरी जड पाण्याचा साका निघण्यास मदत होते.

भांडे कोणते घ्यावे? स्टीलचे किंवा मातीचे उत्तम. आवळा-शिकेकाई आंबट असल्याने बिनकल्हईचे पितळ, तांबे आणि अॅल्युमिनियम टाळावे. लोखंडी कढईत काढा काळा होतो, कारण आवळ्यातला तुरट अंश लोहाशी मिळून काळा रंग तयार होतो. पांढऱ्या केसांना थोडी काळसर झाक हवी असणाऱ्या बायका म्हणूनच मेंदी आणि आवळा लोखंडी कढईत भिजवतात. ते चालते, पण तो वरचा रंग आहे, धुण्याने उतरतो. पांढरा केस मुळापासून काळा करणारा काढा नाही.

साठवण किती? तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळपाला गेला पाहिजे, असे आम्ही घसा कोरडा करून सांगतो. ऊस पडून राहिला की साखर घटते. काढ्याचेही तसेच. बाजारच्या बाटलीत टिकवण्याची द्रव्ये असतात, आपल्या काढ्यात ती नाहीत. केला त्या दिवशी वापरावा. शीतकपाटात ठेवला तर फार तर तीन दिवस. आंबूस वास आला, वर तार किंवा बुरशी दिसली की झाडाच्या बुंध्यात ओतावा, डोक्यावर नाही. आठवडे बाजाराला आणलेली शिकेकाई कोरड्या डब्यात वर्षभर राहते. तेव्हा सामान साठवावे, काढा साठवू नये.

५) वापरण्याची रीत

पहिल्यांदा वापरण्यापूर्वी थोडा काढा कोपराच्या आतल्या बाजूस किंवा कानामागे लावून २४ तास वाट पाहावी. खाज, लाली, पुरळ आला तर तो आपल्यासाठी नव्हे. नवे वाण आपण सगळ्या रानात एकदम लावत नाही, आधी चार सऱ्या लावून बघतो. तोच शहाणपणा येथे.

मग केस आधी विंचरून गुंता काढावा. कोमट पाण्याने भिजवावेत. धुण्याचा काढा बोटांच्या पेरांनी कातडीला चोळावा, नखांनी ओरबाडू नये. डोळे मिटलेले ठेवावेत. मान मागे टाकून धुतले तर काढा डोळ्यांत उतरत नाही. लहान मुलांना तर असेच धुवावे. पाच मिनिटांनी भरपूर पाण्याने धुऊन टाकावे. शेवटी वरून ओतायचा काढा हळूहळू केसांवरून सोडावा, दोन-तीन मिनिटे राहू द्यावा आणि एक-दोन तांबे साधे पाणी घ्यावे. लिंबाचा अंश कातडीवर ठेवून लगेच उन्हात बसू नये, काहींच्या कातडीवर काळे डाग उठतात. ओले केस झटकू नयेत आणि ओलेच करकचून बांधू नयेत. ओला केस लवकर तुटतो.

आठवड्यातून एकदा, उन्हाळ्यात फार तर दोनदा पुरे. डोळ्यांत गेलेच तर साध्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटे धुवावे आणि तरीही लाली राहिली तर डॉक्टरांना दाखवावे.

फवारणी करून आलेल्या माणसाने मात्र काढ्यावर भागवू नये. औषधाचा अंश काढ्याने निघेलच असा भरवसा नाही. त्याने आधी साबणाने किंवा शाम्पूने डोके आणि अंग स्वच्छ धुवावे, कपडे वेगळे धुवावेत. फवारताना डोक्याला टोपी किंवा फडके बांधलेच पाहिजे. काढा दुसऱ्या दिवशी.

शाम्पूला आमचा विरोध नाही. हा शब्दच मुळात आपल्याकडून गेलेला आहे. चांपणे म्हणजे रगडणे, चंपी, त्यावरून तो झाला. पाटण्याचे दीन महंमद यांनी इंग्लंडात ब्रायटन येथे स्नानगृह चालवून हा प्रकार तेथे लोकप्रिय केला. पुढे इंग्लंडचे राजे चौथे जॉर्ज आणि चौथे विल्यम यांचेही ते चंपीवैद्य झाले. ज्याला सोयीचे आहे त्याने सौम्य शाम्पू लावावा आणि वरून (आ) काढा ओतावा. तेही चांगले.

६) काढ्याने काय होईल आणि काय होणार नाही

केस मऊ होतील, गुंता आणि तुटणे कमी होईल, डोके स्वच्छ राहील. एवढे पदरात पडले तरी जड पाण्याच्या मुलखात ते कमी नाही.

पण काढ्याने गेलेले केस परत येतात, टकलावर केस उगवतात, असे कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नये. काढा वरच्या निर्जीव धाग्यावर काम करतो. मूळ कातडीखाली आहे आणि त्याला खाद्य रक्तातून मिळते. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? उसाची मुळे उपाशी ठेवून पाने पुसून काढली तर उतारा वाढेल का?

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आहे. केस गळण्याचे हे एक मोठे कारण आहे आणि ते आपल्या घरातच आहे. पहाटे उठून धारा, डबे, मग रान, आणि सगळ्यांची ताटे झाल्यावर उरेल ते जेवण. अशा बाईचे केस गळत असतील तर तिला काढा देण्याआधी ताट नीट वाढा. जिना चढताना धाप लागते, डोळ्यांची आतली कड पांढुरकी दिसते, थकवा जात नाही, अशा वेळी प्राथमिक आरोग्य केंद्रात हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. स्त्रियांत ते १२ ग्रॅमच्या खाली असेल तर रक्त कमी समजतात. लोहाच्या गोळ्या तेथे मोफत मिळतात, त्या डॉक्टर सांगतील तितके दिवस नेमाने घ्याव्यात. नुसता गूळ खाऊन भागत नाही, हे साखर कारखान्याच्या माणसाने सांगितलेले बरे. पालेभाज्या, कडधान्ये, नाचणी, अळीव, आणि मांसाहार चालत असेल त्यांनी मटण-मासे खावेत. जेवणात लिंबू किंवा आवळा असला की अन्नातले लोह अंगी लागते. उलट जेवणाबरोबर किंवा लगेच मागून चहा घेतला की ते कमी लागते. म्हणून केसांसाठी चहा-काढा डोक्यावर ओतावा आणि प्यायचा चहा जेवणानंतर तास-दोन तासांनी घ्यावा.

बाळंतपणानंतर किंवा टायफॉइडसारख्या मोठ्या तापानंतर दोन-चार महिन्यांनी केस भराभर गळतात. त्याने घाबरू नये. आहार नीट असेल तर काही महिन्यांत ते आपोआप भरून येतात. पण गोल चाई पडली, मुलाच्या डोक्यात खवले धरून केस तुटू लागले, कातडी लाल होऊन पाणी सुटले, किंवा गळतीबरोबर वजन आणि पाळीतही फरक पडला, तर डॉक्टरच गाठावा. थायरॉईडच्या विकारातही केस गळतात.

२०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्याच्या काही गावांत थोड्याच दिवसांत अनेकांचे केस जाऊन टक्कल पडल्याचे आपण वाचले असेल. सुरुवातीला कोणी पाण्यावर बोट ठेवले, कोणी शाम्पूवर. पुढे तपासण्यांत लोकांच्या रक्तात सेलेनियम हे मूलद्रव्य वाढलेले आढळले. यातून आपण एवढेच घ्यायचे की एकाच घरात किंवा गावात अनेकांचे केस एकदम जाऊ लागले तर घरगुती उपाय करीत बसू नये. त्याच दिवशी आरोग्य खात्याला कळवावे.

७) उवा आणि अघोरी उपाय

गळीत हंगामात तोडणी मजुरांच्या कोप्या पडतात, मुले एका अंथरुणावर झोपतात, उवा होतात. त्या आपल्या वस्तीवरच्या मुलांनाही होतात. यात लाज वाटण्यासारखे काही नाही. उवा गरिबी-श्रीमंती पाहत नाहीत, डोक्याला डोके लागले की पसरतात.

गेल्या एका हंगामात फडावर एक आई मुलीच्या डोक्यात सीताफळाच्या बियांची पूड चोळताना मी पाहिली. थोडी पूड घामाबरोबर पोरीच्या डोळ्यांत उतरली आणि पोर किंचाळू लागली. आम्ही टँकरच्या पाण्याने डोळे धूत राहिलो आणि मोटारसायकलवरून तिला दवाखान्यात नेले. डोळा वाचला, पण आठ दिवस पट्टी होती. सीताफळाच्या बीची पूड बुबुळाला इजा करते. तो उपाय कायमचा बंद करा.

त्याहून भयंकर म्हणजे शेतातले कीटकनाशक डोक्याला लावणे. पूर्वी बीएचसीची भुकटी काही घरांत उवांसाठी वापरीत. त्या औषधावर देशात १९९७ साली बंदी आली. आजची पिकावरची औषधे तर डोक्याच्या कातडीतून थेट अंगात भिनतात. उवा मरतील की नाही ठाऊक नाही, लेकरू मात्र दगावू शकते. रॉकेललाही हाच नियम, त्याने भाजते आणि पेट घेण्याची भीती वेगळी.

साधा उपाय असा. शिकेकाईने केस धुवावेत, जास्वंदीचा रस लावून ओले बुळबुळीत असतानाच दाट दातांच्या फणीने मुळापासून टोकापर्यंत विंचरावेत. प्रत्येक वेळी फणी पांढऱ्या फडक्यावर पुसावी. दर तीन-चार दिवसांनी असे किमान दोन आठवडे करावे. कारण लिखांतून सात ते दहा दिवसांत नव्या उवा निघतात. एकदाच विंचरून थांबलात तर ते तण वरून कापल्यासारखे होईल. घरातल्या सर्वांचे एकाच दिवशी विंचरावे. एवढ्याने भागले नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्याने उवांचे औषध घ्यावे.

जाता जाता आणखी एक. काळी मेंदी म्हणून जी पुडी मिळते, तिच्यात पुष्कळदा रासायनिक रंग असतो. खरी मेंदी तांबूस-केशरी रंगते, काळी नाही. काळ्या रंगाने काहींचे तोंड सुजते, कातडी फुटते. केसांचे रंग मुलांच्या हाती लागणार नाहीत असे ठेवावेत. ते पोटात गेले तर जिवावर बेतते.

८) बांधावरची चार झाडे

काढ्याचे सामान दरवर्षी विकत आणण्यापेक्षा घरचे असावे. कलमी आवळ्याची दोन झाडे विहिरीजवळ किंवा पडीक कोपऱ्यात लावावीत. कृष्णा, कांचन, चकैया, एनए-७ या जाती प्रसिद्ध आहेत. एकाच जातीची लावण्यापेक्षा दोन वेगळ्या जाती जवळ लावल्या तर फळधारणा चांगली होते. चौथ्या-पाचव्या वर्षापासून फळ धरते. शिकेकाईची वेल काटेरी असल्याने कुंपणाला चांगली. रात्रभर भिजवलेले बी पिशवीत रुजवून पावसाच्या तोंडी लावावे. मात्र ती झाडांवर चढते आणि पसरते, म्हणून उसाच्या सरीपासून दूर ठेवावी. जास्वंदीची फांदी पावसाळ्यात खोचली की लागते. माका तर आपणहून येतो, त्याला फक्त औषधापासून वाचवायचे.

बचत गटांना यात थोडा जोडधंदाही आहे. वाळवलेली आवळकाठी आणि फोडलेली शिकेकाई यांच्या पुड्या गावातच खपतात. परंतु पुडीवर "केस उगवतात" असे लिहू नये. जे होते तेवढेच लिहावे.

ध्यानात ठेवण्याजोगे

१. केस धुताना साबण टाळावा, जड पाण्यात तर नक्कीच.
२. धुण्याचा काढा वेगळा, वरून ओतण्याचा वेगळा.
३. औषध मारलेल्या रानातला पाला डोक्यावर नको.
४. रोजच्या रोज ताजा काढा, आधी कोपरावर लावून पाहावा.
५. उवांसाठी फणी, सीताफळाची पूड आणि कीटकनाशक कदापि नाही.
६. केस फार गळत असतील तर आधी रक्त तपासा.

विहिरीचे किंवा बोअरचे पाणी तपासून घ्यायचे असेल तर स्वच्छ बाटलीत, ती त्याच पाण्याने दोनदा विसळून, अर्धा लिटर नमुना आणावा. बोअर असेल तर मोटार दहा मिनिटे चालवून मगच पाणी धरावे. बाटलीवर नाव, गाव आणि गट नंबर लिहून गट ऑफिसात द्यावी, माती-पाणी प्रयोगशाळेकडे पाठविण्याची व्यवस्था करू. त्या अहवालाचा उपयोग केसांना होईलच, पण उसालाही होईल. जे पाणी केस राठ करते, तेच वर्षानुवर्षे पाटाने दिले तर जमीनही बिघडवते. पुढील अंकी त्याच विषयावर, म्हणजे क्षारयुक्त पाणी आणि खोडव्याचे पाणी-नियोजन यांवर लिहू.